वहिनींचं एक्सेल

"ही पोरगी तोंड उघडत न्हाई, मंग लोकायला विचारणार काय?" पार्टिशनपलीकडून अकाउंटचे शिंदेभाऊ म्हणाले. लगेच वहिनींचा आवाज आला, "तुम्ही दिवसभर बोलूनच राह्यले ना? हापिसाला तेवढं पुरे हाय."

मी कीबोर्डकडे बघत राहिले. जालन्यातल्या मोसंबी उत्पादकांच्या कंपनीत मी नुकतीच लागले होते. साहेबांनी पहिलंच काम दिलं होतं ते माणसांशी बोलायचं. पत्रं, तक्ते, हिशेब यांसाठी नवीन ऑफिस सॉफ्टवेअर घ्यायचं होतं; कोणाला त्यात काय हवंय ते विचारून मी तुलना मांडायची होती.

वहिनी आमच्या ऑफिसच्या व्यवस्थापक. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. नेमक्या कोणाच्या, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक गोष्टीला त्या 'एक्सेल' म्हणत आणि पत्रंसुद्धा एक्सेलच्या चौकटींतच लिहीत. "ते पत्राचं दुसरं लई नाटकी हाय," त्या म्हणत. "वर एक शब्द वाढवला की खालची सही दुसऱ्या पानावर पळती. माझ्या चौकटीतून कोणी हलत न्हाई." एकाच तक्त्याच्या 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी' अशा प्रती ऑफिसभर फिरत. 'फायनल वहिनी' दिसली, की बाकीच्या कोणी उघडत नसे.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी पत्र मी आधी मनात इंग्रजीत जुळवून मग मराठीत उतरवत असे. वहिनींनी माझी चूक कधी चारचौघांत काढली नाही. चौकटीला शेरा जोडता येतो, हे मी त्यांना एकदा दाखवलं होतं. मग माझ्या प्रत्येक मसुद्यात त्यांचे पिवळे शेरे उगवू लागले. 'हे वाक्य इंग्रजीतून आलंय, घरी बोलती तसं लिही.' 'एवढं कडक कशाला? मानसं आपलीच हायत.' आणि शेवटच्या चौकटीत, पत्राशी काहीही संबंध नसलेला, 'जेवली का?' आज मी हे मराठीत लिहू शकते आहे, त्याचं मूळ त्या पिवळ्या चौकोनांत आहे.

बोलणं टाळायला मी सगळ्यांना एक छापील यादीच वाटली. आलेख हवेत का, एकाच तक्त्यात सगळ्यांना एकदम लिहिता यावं का, पत्र आपोआप तयार व्हावं का. सगळ्यांनी सगळ्यावर खुणा करून ती परत दिली. शिंदेभाऊंनी तर आलेखापुढे दोनदा खूण केली. वहिनी खूप हसल्या. "अगं, पंगतीत वाढप्यासारखं इचारलंस तू. जिलेबी घ्या, मठ्ठा घ्या. न्हाई कोण म्हणतंय? पानात काय उरतं ते बघावं लागतं. चल उद्या केदारखेड्याला."

केदारखेड्याला आमचं खरेदी केंद्र आहे. तिथे कॉम्प्युटरवर वजनांची नोंद करणाऱ्या मुमताजशेजारी त्यांनी मला खुर्ची टाकून दिली. "काही इचारू नको. इचारलं की मानसं बरं दिसंल ते सांगत्यात. तुला बघता येतं, बघ." आजवर माझ्या गप्प राहण्याला कोणी काम दिलं नव्हतं. दुपारी रोजच्यासारखं नेट गेलं. मुमताजच्या ते लक्षातही आलं नाही. ती आपल्या कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात वजनं टाकत राहिली, पावत्या निघत राहिल्या, मोसंबीचे टेम्पो पुढे सरकत राहिले. आलेख तिने दिवसभरात एकदाही उघडला नाही. संध्याकाळी नेट आल्यावर तिने तक्ता जालन्याला पाठवून दिला.

पुढच्याच महिन्यात वहिनी निवृत्त झाल्या. सॉफ्टवेअरची बैठक नंतर ठरली. मी त्यांना फोन करून म्हटलं, "तुम्ही याल का? माझ्याच्यानं बोलणं होणार नाही." त्या म्हणाल्या, "मी आता बाहेरची. आन मी बोलले तर ते माझं होईल. बघितलंय तर तू."

बैठकीत विकणाऱ्या कंपनीचा माणूस मोठ्या पडद्यावर एक देखणं सॉफ्टवेअर दाखवत होता. रंगीत आलेख होते, पत्र आपोआप उमटत होतं, सगळे एकदम लिहू शकत होते. फक्त ते नेटशिवाय चालत नव्हतं. माझ्या तुलनेत ती ओळ होती, पण तो कागद साहेबांनी उलटवलाही नव्हता. "बिलकुल हेच घेऊ," शिंदेभाऊ म्हणाले. साहेबांनी पेन उघडलं. एक सही झाली असती, की मुमताजचं काम रोज दुपारी थांबलं असतं. बाहेर उन्हात मोसंबीचे टेम्पो, आणि आत तिच्यावर ओरडणारी माणसं.

मी उभी राहिले.

"सर, केदारखेड्याला दुपारी नेट नसतं. तिथं हे बंद पडेल. माझ्या तुलनेतलं दुसरं साधं आहे, पण ते नेटशिवाय चालतं."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगितलं नाही, सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. "आमच्या वहिनींनी मला तिथं नेऊन बसवलं होतं."