करवतकाठीच्या काकू

"आधी उलटी कर."

नवी रेशमी साडी दाखवायला गेलं की काकू एवढंच म्हणायच्या. रंग छान आहे, तुला शोभेल, असलं काही नाही. पदर उलटा करून चष्म्याजवळ धरायच्या, काठावरून अंगठा फिरवायच्या आणि निकाल द्यायच्या. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल, ज्यांच्यासमोर नवी वस्तू न्यायची म्हणजे आधी दहादा विचार करावा लागतो.

खडकीच्या क्वार्टर्समध्ये त्या आमच्या समोरच राहायच्या. काका कारखान्यात होते, काकू घरी फॉल-पिको करायच्या. माहेर भंडाऱ्याकडचं, विणकरांचं. तीस वर्षं पुण्यात काढूनही बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

एकदा शेजारच्या बाईंनी हातमागाची म्हणून पैठणी आणली. काकूंनी पदराची मागची बाजू त्यांच्यापुढे धरली. मोरांच्या मागे सुट्या धाग्यांचं जाळं होतं.

"हातची पैठणी दोन्हीकडून सारखीच दिसते. मागं असे धागे लोंबून राहिले, म्हणजे यंत्राची."

"अहो, पण लेबल आहे ना त्यावर."

"तेही यंत्रावरच विणलंय."

बाई महिनाभर बोलल्या नाहीत. काकूंना त्याचं काही नव्हतं. यंत्राच्या साडीवर त्यांचा मुळीच राग नव्हता. "यंत्राची म्हणून विक ना, बाप्पा. कोण नाही म्हणते?" असं त्या म्हणायच्या.

खराडीत नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी आईसाठी साडी घेतली. तीही अर्थात या कोर्टात गेली. काकूंनी टोकाचा एक धागा काढून उदबत्तीवर धरला. केस जळल्यासारखा वास आला. राख त्यांनी बोटांत चुरगळून दाखवली.

"रेशीम खरं आहे. नकली असतं तर कडक गोळी झाली असती." मी खूश होणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "हातमागाची मात्र नाही."

माझा चेहरा पडलेला त्यांनी पाहिला असावा. साडी नीट घडी करत म्हणाल्या, "रेशीम आहे, लेकीनं आणलंय. आईला आणखी काय पाहिजे?" आणि बाकी सगळ्यांची कामं बाजूला ठेवून दुसऱ्याच दिवशी फॉल लावून दिला.

मग तीन वर्षांपूर्वी स्वारगेटजवळ हातमागाचं प्रदर्शन भरलं. मी त्यांना घेऊन गेले. एका कोपऱ्यात त्यांच्याच भागातले एक म्हातारे विणकर करवतकाठी साड्या घेऊन बसले होते. कोशाचं म्हणजे टसर रेशीम, आणि काठावर करवतीसारखे दाते. गिऱ्हाईक एकही नाही. शेजारच्या स्टॉलवर तसेच दाते छापलेल्या साड्या ढिगानं चालल्या होत्या.

काकू सरळ त्या विणकरांशेजारी जाऊन बसल्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवायच्या. "इकडं या. हे दाते मागूनही पाहा. आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात याला, दोन काठांचे दोन आणि मधला एक. आता शेजारची साडी उलटून पाहा, मागं रंग फिका दिसेल." बायका थांबायला लागल्या. दुपारपर्यंत विणकरांच्या चार साड्या गेल्या. शेजारचा दुकानदार मात्र वैतागला.

"मावशी, एवढं कळतं तर तुम्ही स्वतः विणता का?"

काकूंनी हातातला पदर घडी करून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नाही. मी कांड्या भरायची."

परतताना रिक्षात त्यांनी सांगितलं. घरात मागावर बसायचे ते पुरुष. मुलींनी धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर धागा गुंडाळून द्यायचा. एकदा वडील जेवायला उठले तेव्हा त्या हळूच मागावर बसल्या आणि बोटभर विणलं. वडिलांनी परत येऊन तेवढं उसवून टाकलं आणि पुढचं विणायला घेतलं.

"रागावले असते तर चाललं असतं," काकू म्हणाल्या.

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. सगळ्यांना वाटलं, हे दोघं मुलाकडे वाकडला जाणार. काकूंनी पिकोचं मशीन खालच्या मजल्यावरच्या एका सुनेला देऊन टाकलं आणि जाहीर केलं की त्या गावी चालल्यात, प्रदर्शनातल्या त्या म्हाताऱ्या विणकरांकडे माग शिकायला. मुलगा म्हणाला, "आई, या वयात?" काका म्हणाले, "आता तिचा डबा मी भरीन. तीस वर्षं माझा डबा तिनं भरला." आणि खरोखरच गेले.

पहिले सहा महिने नुसते धागे तुटले, असं काका फोनवर सांगायचे. काकू स्वतः बोलायच्या नाहीत. गेल्या महिन्यात त्यांनी आपण होऊन फोन केला. पहिली साडी मागावरून उतरली होती, दुसरी लावली होती.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"काठ एका जागी वाकडा गेलाय. दाते लहानमोठे आहेत. मी दुकानात पाहिली असती तर घेतली नसती."

"मग उसवणार?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तीच नेसून मागावर बसली आहे मी."

मला खूप विचारायचं होतं. पण बोलता बोलताच त्यांनी विणायला घेतलं असावं, पलीकडून धोट्याचा आवाज यायला लागला होता.

"ठेवते आता," काकू म्हणाल्या. "उजेड आहे तोवर दोन बोटं होतील."