भरल्या हातानं टायपिंग

केजला तहसीलसमोरच्या एका गाळ्यात मी नऊ वर्षं लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरले. गाळा आधी किराणा दुकानाचा होता. मालकांनी जुना काउंटर तसाच ठेवला, त्यावर संगणक मांडला आणि मला प्लास्टिकची खुर्ची दिली. खुर्ची बुटकी, काउंटर उंच. कीबोर्ड पार छातीशी यायचा. उंच स्टूल मागितलं तर मालक म्हणाले, "बघू की ताई, दिवाळीनंतर." नऊ दिवाळ्या झाल्या. मीही भांडले नाही. घरी मोठ्या तोंडाची म्हणून माझी ख्याती, पण कामावर माझी मांजर व्हायची.

काउंटरला कडप्प्याची कडा होती आणि माझ्या दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या. मनगट टेकवलं की बांगडी पिचायची. माझा नवरा ट्रकवर असतो. पहिल्या महिन्यात दोन बांगड्या पिचल्या आणि सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत; मुलाचा फोन लागला तेव्हाच त्यांनी घास घेतला. त्या दिवशी मी ठरवलं, मनगट टेकवायचंच नाही. हात अधांतरी धरायचे, पंजे मागे वळवायचे आणि नुसत्या बोटांनी टाइप करायचं. पुढं वर्षभर एकही बांगडी फुटली नाही. आपल्या अकलेचं मला केवढं कौतुक वाटलं होतं!

त्यात सर्व्हरची तऱ्हा. पीक विम्याच्या दिवसांत तो दुपारपर्यंत बंद असायचा आणि सुरू झाला की बाहेरची रांग ओरडायची, "ताई, चालू हाय तवर भरून घ्या, मग मरतंय ते!" अशा वेळी पाणी प्यायलाही उठले नाही मी. बंद असायचा तेव्हा हात मोकळे असूनही चोळावेत, ताणावेत असं सुचलं नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याला मुंग्या यायच्या, मी झटकून टाकायचे. नस चढली असेल म्हणून एका बाईकडून चोळून घेतलं, झेंडूबाम लावला.

हे सगळं चालवून घेतलं, कारण मला लिपिक व्हायचं होतं. लेखी परीक्षा पास झाले तेव्हा घरात पेढे वाटले. उरली होती फक्त टायपिंगची चाचणी. वय पाहता ती शेवटची संधी होती. पण टायपिंग म्हणजे तर माझ्या हातचा मळ.

चाचणीला दीड महिना उरला असताना चहाचा कप हातातून सुटला. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी मला टेबलाशी बसवलं आणि टाइप करतात तसे हात धरायला सांगितले. मी धरले. त्यांनी माझे मागे वळलेले पंजे धरून सरळ केले. मग म्हणाल्या, मनगट सरळ पाहिजे, कोपराच्या रेषेत. कीबोर्ड खाली पाहिजे. अर्ध्या तासानं हात सोडून उठायला पाहिजे. आणि बांगड्या कामापुरत्या काढायला काय हरकत होती? नस दाबली गेली होती. ऑपरेशन केलं तरी बोटांची ताकद पूर्ण परत येईल असं त्या सांगेनात.

घरी येऊन सासूबाईंना सांगताना माझा आवाज चढला. तुमच्या धाकानं माझा हात गेला, असंच म्हणाले. त्या उठून आत गेल्या. मग घमेल्यात पाणी आणि साबण घेऊन आल्या आणि माझा हात मांडीवर घेऊन एकेक बांगडी अलगद उतरवू लागल्या.

"कावून बोलली न्हाईस गं कधी? मी काय वैरीण हाय का तुजी? कामाच्या येळला उतरून ठिवल्या असत्या."

मी कधी विचारलंच नव्हतं. त्या नाहीच म्हणतील, असं मीच धरून चालले होते. त्यांचा राग धरता आला असता तर बरं झालं असतं. आता तोही उरला नाही.

दीड महिना मनगटाला पट्टा बांधून मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं बसले. चाचणीच्या दिवशी संभाजीनगरला टेबल नीट उंचीचं होतं, खुर्ची चांगली होती, मनगट सरळ होतं. सुरुवातीला छान चाललं. मग अंगठा बधिर झाला, मागोमाग दोन बोटं. अक्षर कुठलं उमटतंय हे पडद्यावर बघून कळत होतं. मजकूर तोंडपाठ असल्यासारखा डोळ्यांसमोर होता आणि हात जागचा हलत नव्हता. वेळ संपली तेव्हा पाच-सहा ओळी राहिल्या होत्या.

मी अजून त्याच गाळ्यात बसते, डाव्या हातानं काम करते. परवा लिपिकांची नवी जाहिरात आली आणि सकाळपासून पोरींची रांग लागली. मी प्रत्येकीला मनगट कसं ठेवायचं ते सांगते. त्या "हो ताई" म्हणतात आणि मोबाइल बघतात. जन्मतारखेच्या रकान्यात सहज माझी तारीख टाकून पाहिली. तांबड्या अक्षरांत आलं, अपात्र. मी ती पुसली आणि समोरच्या पोरीला तिची विचारली.