परक्या गावात घातलेली शाल

गाव सोडून परदेशी निघालो त्या सकाळी गावानं माझा सत्कार केला. एसटी नऊची होती. सत्कार आठला ठरला होता आणि सुरू झाला पावणेनऊला, कारण सरपंचांना इस्त्रीचा सदरा सापडत नव्हता. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा, आणि स्टँडवर माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ, गळ्यात झेंडू. भाषणं तीन झाली. मी जगात शांतता प्रस्थापित करायला चाललोय, असं तिघांनीही सांगितलं. मी हवालदार होतो. सैन्यातल्या एकोणीस वर्षांत मला कँटीनच्या रांगेतसुद्धा शांतता प्रस्थापित करता आली नव्हती.

माझे वडील ग्रामपंचायतीत शिपाई. पुढाऱ्यांच्या सभांना सतरंज्या अंथरण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे भाषणाचं त्यांना अप्रूप नव्हतं. गाडी हलायच्या आधी ते खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "परमुलखात चाललायस. कुणाच्या दारात उभं ऱ्हायच्या आधी बघ, तुझ्यामुळं त्या दाराकडं कोण कोण बघतंय." मी मान हलवली. खरं म्हणजे मी हार चुरगळू नये म्हणून तो नीट करत होतो.

ही आठवण गावाकडच्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठंकुठं जाऊन पडलेल्यांसाठीही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझा एक फोटो पाहिला आहे. त्यात मी निळं हेल्मेट घालून एका आफ्रिकन म्हाताऱ्याशेजारी उभा आहे. म्हाताऱ्याच्या अंगावर शाल आहे आणि दोघंही हसतोय. तो पाहून तुम्ही मला बरेच अंगठे पाठवलेत. त्या फोटोचं खरं काय ते आता ऐका.

त्या देशाचं नाव सांगत नाही. तिथे यादवी चालली होती आणि आम्ही शांतिसेना म्हणून गेलो होतो, एका वर्षासाठी. वर्ष संपलं की विमान येणार, दुसरी तुकडी उतरणार, आम्ही चढणार. आम्हाला मिळालेल्या पुस्तिकेत एक आख्खं प्रकरण होतं, स्थानिकांची मनं कशी जिंकावीत यावर. फुटबॉल वाटावेत, दवाखाना भरवावा, मुलांशी हस्तांदोलन करावं. आम्ही सगळं केलं आणि सगळ्याचे फोटो काढले. लोक यायचे, हसायचे, फुटबॉल घेऊन जायचे. आम्ही अहवालात लिहायचो: प्रतिसाद उत्तम.

आता विचार करतो, ते दुसरं काय करणार होते? बंदूक घेऊन दारात आलेल्या पाहुण्याला माणूस हसूनच बसायला देतो. आमच्या आधी बंडखोर आले तेव्हाही ते हसलेच असतील. त्यांच्या आधी सरकारी फौज आली, तेव्हाही.

एकच गोष्ट त्या गावानं स्वतःहून आमच्याकडे मागितली. दर मंगळवारी चार कोसांवरच्या बाजाराला बायका जात आणि वाटेतल्या जंगलात बंडखोर त्यांना गाठून लुटत. गावचा म्हातारा मुखिया, त्याला सगळे बाबा जोसेफ म्हणत, आमच्या फाटकावर आला आणि दुभाष्यामार्फत म्हणाला, "मंगळवारी तुमची गस्त त्या रस्त्यानं जाते का? जात असेल तर बायका त्याच वेळी निघतील." सोबत चला असं तो म्हणाला नाही. त्याच वेळी निघतील, एवढंच. शब्द फार जपून वापरायचा तो माणूस.

मग दर मंगळवारी माझी तुकडी पुढे आणि शंभर पावलं मागे बायकांची रांग, डोक्यावर टोपल्या, अशी आमची वरात निघायची. ते अंतर त्यांनी ठरवलेलं. आम्ही थांबलो की त्या थांबायच्या, लांबूनच. दोन महिन्यांनी ते अंतर पन्नास पावलांवर आलं. एकीनं माझ्या जवानाला शिव्या शिकवल्या. एक जण दर वेळी जाता जाता दुभाष्याला विचारायची की ह्या लोकांच्या बायका ह्यांच्याशिवाय घरी काय करतात, आणि मग सगळी रांग खिदळायची. हे मात्र अहवालात एका ओळीत जायचं, कारण रस्त्यानं चालण्याचा फोटो चांगला येत नाही.

मग वरिष्ठांची पाहणी ठरली. आमच्या मेजरसाहेबांना काहीतरी दाखवायला हवं होतं. त्यांनी विचारलं, काय करता येईल? आणि मी, ग्रामपंचायतीच्या शिपायाचा मुलगा, म्हणालो, "साहेब, म्हाताऱ्याचा सत्कार करू."

कल्पना माझी होती. हे वाक्य मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

आपल्याकडे माणूस आवडला की आपण त्याला दहा जणांसमोर उभा करतो आणि त्याच्या खांद्यावर शाल टाकतो. आवडला नाही तरी टाकतो. ह्यात कुणाचं काही बिघडू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. गावानं दिलेली शाल माझ्या पेटीत होतीच, घडी न मोडलेली. नारळ त्या भागात मिळेना, म्हणून मेसमधला अननस घेतला. तो अननस आदल्या दिवशी बाबा जोसेफच्याच शेतातून आम्ही विकत आणला होता. शाळेसमोरच्या मैदानात सगळं गाव बोलावलं, ध्वनिक्षेपक लावला. आमचा जिवलग मित्र, शांततेचा साथीदार, असं साहेब इंग्रजीत म्हणाले आणि दुभाष्यानं ते मोठ्या आवाजात गावाला ऐकवलं. मी शाल घातली. बाबा जोसेफनं हातातल्या अननसाकडे पाहिलं, ओळखला असावा, आणि दुभाष्याला हळूच काहीतरी विचारलं. सगळे हसले. त्याच क्षणी तो फोटो निघाला.

नंतर मी दुभाष्याला विचारलं, म्हातारा काय म्हणाला? तो म्हणाला, "विचारत होता, हे अंगावरून कधी काढता येईल."

पाचव्या दिवशी बंडखोरांनी त्याचं घर जाळलं. माणसं वाचली, कारण जाळणाऱ्यांनी आधी हाक मारून बाहेर यायला सांगितलं. तेवढी ओळख होती. बाबा जोसेफ बायको आणि सुना-नातवंडं घेऊन आमच्या कुंपणाला टेकून ताडपत्रीखाली राहायला आला. दुभाष्याला सोबत घेऊन मी तांदूळ द्यायला गेलो. त्यानं तांदूळ घेतला, बसायला सांगितलं आणि शांतपणे म्हणाला, "तुम्ही वर्षभर राहणार, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत. जंगलातली पोरं माझ्या बहिणीची नातवंडं आहेत. ती कायमची राहणार. मी दोघांच्या मधे कसाबसा उभा होतो. तू मला हाताला धरून एका बाजूला नेलंस."

रागावला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण माझ्या खांद्याला बंदूक होती आणि त्याची नातवंडं माझ्या कुंपणाला टेकून झोपत होती. अशा अवस्थेतल्या माणसाला समोरच्यावर ओरडता येत नाही.

पुढच्या मंगळवारी आमची गस्त निघाली. मागे वळून पाहिलं तर रस्ता रिकामा. बायका पहाटेच एकट्या निघून गेल्या होत्या. लुटलं तर लुटलं, पण आमच्यासोबत दिसायला नको. दोन महिन्यांत शंभराची पन्नास झालेली पावलं आम्ही एका शालीत घालवली. वर्ष संपलं, विमान आलं, आम्ही चढलो. मला पदक मिळालं. ते सर्वांनाच मिळतं.

निवृत्त झाल्यावर गावी राहिलो नाही. पिंपळे गुरवला आलो, कारण चाकणच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी होती आणि पोरीच्या कॉलेजची सोय होती. आता तीन शिफ्टमधल्या माणसांची कार्डं तपासतो. फाटकावर उभं राहण्याचा एकूण अनुभव तीस वर्षं.

पहिल्या वर्षी आम्ही गेनूतात्यांकडे भाड्यानं राहिलो. तात्या इथले मूळचे. त्यांच्या वडलांची जमीन कारखान्यांखाली आणि सोसायट्यांखाली गेली. सामान उतरवत असतानाच ते ओट्यावरून म्हणाले, "आला का आनखी येक? तुमी बाहेरची लोकं आला आन् आमच्या नळाचं पानी गेलं. टेम्पो तिकडं लाव, दारात न्हाई." माझी बायको सुनंदा हिरमुसली. मला मात्र बरं वाटलं. का ते तिला तेव्हा सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तात्यांनीच तांब्याभर दूध पाठवलं आणि दुपारी पुन्हा टेम्पोवरून भांडले.

पुढे आम्ही जवळच फ्लॅट घेतला. सोसायटीचे सेक्रेटरी देवकर भाऊ, कंपनीतून निवृत्त, अत्यंत उत्साही गृहस्थ. सुनंदानं कौतुकानं तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी कामावरून येतो तो गेटवर आठ फुटी फ्लेक्स. मी आणि बाबा जोसेफ. वर लिहिलेलं: परदेशी भूमीवर मनं जिंकणारा आपला वाघ. खाली देवकर भाऊंचा फोटो, माझ्याहून थोडा मोठा.

"भाऊ, हा उतरवा," मी म्हणालो.

"अहो, का? लाजताय कशाला? उद्या दहा मिनिटं बोला तुम्ही. कशी जिंकली मनं, पोरांना कळू द्या."

"नाही जिंकली."

"विनय बघा माणसाचा!" देवकर भाऊ वॉचमनला म्हणाले.

घरी सुनंदा म्हणाली, "दहा मिनिटांचा प्रश्न आहे. गोड बोला आणि या. लोकांमध्ये राहायचंय आपल्याला." तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग फोटो उतरवूनच भाषण करा."

सकाळी झेंडावंदनाआधी मी शिडी मागवली आणि सर्वांसमोर फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. देवकर भाऊ म्हणाले, "अहो, सोसायटीच्या खर्चातून केलाय!" मी म्हणालो, "त्या माणसाला न विचारता एकदा मिरवला होता. दुसऱ्यांदा मिरवू देणार नाही." मग माइक घेतला आणि सांगितलं. सत्काराची कल्पना माझी, घर त्याचं. परक्या फौजेला कुणी आपलं म्हणेल का, असं मला विचाराल तर मी पाहिलंय ते एवढंच: त्यांनी मागितलं ते मुकाट्यानं करत राहिलो तेव्हा दोन महिन्यांत पन्नास पावलं जवळ आले, आणि आम्ही स्वतःला ओवाळून घेतलं त्या दिवशी पुन्हा लांब गेले. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

टाळ्या नाहीत. बी विंगमधल्या एक बाई म्हणाल्या, "आजच्या दिवशी हे बोलायची काही गरज होती का?" मागून कुणीतरी म्हणालं, "स्वतःच्याच फौजेची बदनामी." मी म्हणालो, "माझी केली. फौजेनं मला शाल घालायला सांगितली नव्हती."

देवकर भाऊंनी गेनूतात्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ते पहिल्या रांगेतून म्हणाले, "मंग त्या म्हाताऱ्याचं फुडं काय झालं?"

"माहीत नाही, तात्या."

"पत्र? फोन?"

"नाही. हिंमत झाली नाही."

"मंग लई वाईट केलंस तू." एवढं बोलून त्यांनी चहाचा कप उचलला.

त्या देशात उरलेले सगळे महिने मी हेच वाक्य ऐकायला थांबलो होतो आणि तिथल्या कुणालाही ते उच्चारणं परवडणारं नव्हतं.

देवकर भाऊ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. लिफ्टमध्ये भेटले की छताकडे बघतात. बी विंगमधल्या बाईंनी माझं नाव कार्यक्रम समितीतून काढायचा ठराव आणला आणि तो मंजूरही झाला; विरोधात एकच मत पडलं, तेही माझं नव्हे, सुनंदाचं. गावाकडून फोन येतात, तिथे तुला नीट वागवत नाहीत तर परत ये. नाही येणार. गावात माझं नाव कमानीवर लिहिलंय. तिथे मला कुणी काही बोलत नाही, सगळे हसून खुर्ची देतात. इथे सेक्रेटरी माझ्यावर रुसतो, तात्या मला वाईट म्हणतात, आणि त्यासाठी कुणालाही जीव मुठीत धरावा लागत नाही. माझं घर पिंपळे गुरवला आहे.