बुजवायची विहीर

थुंकी डाव्या डोळ्यावर पडली. पुसायला हात उचलला, तर साहेबानं तोच हात पिरगाळला.

"मला न विचारता फाटक उघडतो? तुझ्या बापानं कधी मान वर केली का रे आमच्यापुढं?"

"चुकलं, मालक."

एवढंच बोललो. चाळिशी ओलांडलेला मी. समुद्रापल्याड, लढाई नुकतीच थांबलेल्या देशात. तिथंही तेच दोन शब्द तोंडातून आले.

आम्ही दोघं देवगाव रंगारीकडचे. जमीन त्याच्या घरच्यांची, पाठ माझ्या घरच्यांची. त्या परदेशात एका लाकडाच्या वखारीवर तो पहारेकऱ्यांचा साहेब होता. मला तिकडं त्यानंच नेलं. उपकार म्हणून.

वखारीच्या आवारात विहीर. लढाईत तिथल्या गावातली माणसं तोडून तिच्यात टाकलेली. टाकणारा टोळीवाला आता ठेकेदार झाला होता, साहेबाच्या ताटाला ताट लावून जेवायचा. चौकशीचे न्यायाधीश येणार होते. ते यायच्या आत विहीर सिमेंटनं बुजवायची, तोवर कुणाला आत सोडायचं नाही. हे आमचं काम.

फाटकावर एक बाई यायची. तिचा नवरा न् लेकी त्या विहिरीत. तिला नुसतं बघू द्यावं म्हणून मी फाटक उघडलं होतं, त्यापायीच ती थुंकी. बाई समोरच उभी होती. सगळं ऐकत.

दुसऱ्या दिवशी सिमेंटची गाडी आली. बाई चाकापुढं आडवी पडली.

"हाण तिला," साहेब म्हणाला.

मी काठी उचलली. तिनं माझे पाय धरले आणि ओरडली, "चुकलं, मालक! चुकलं, मालक!"

आमची बोली. अर्थ तिला ठाऊक नव्हता. ह्या लोकांत दया अशीच मागतात, असं वाटलं असावं.

साहेब पोट धरून हसला. "आयला! तुझी भावकी इथं बी निघाली की रे! हाण!"

मी हाणलं. खोटं कशाला बोलू? ते शब्द बंद व्हावेत म्हणून तोंडावरच हाणलं. दात तुटले. रक्त माझ्या बुटावर. तरी फुटक्या ओठांनी ती तेच म्हणत राहिली. तिच्या जागी मला माझा बाप दिसला. मग मीच दिसलो.

काठी फेकली. तिच्याशेजारी चाकापुढं आडवा झालो.

"ऊठ, भाड्या!"

"नाय उठत."

जन्मातला पहिला नकार. साहेबानं न् बाकीच्या पहारेकऱ्यांनी बुटांनी तुडवलं. बरगड्या मोडल्या, एक कान कायमचा गेला. पण गाडी अडली. तेवढ्यात गाव जमलं. विहीर उघडी राहिली आणि पुढं तिच्यातून हाडं निघाली.

आता साहेब इकडं परत आलाय, मीही. बिडकीनला जमिनीचे व्यवहार करतो, सत्काराच्या शाली घेतो. मी चिकलठाण्यात एका गोदामावर वॉचमन. तिकडं आता त्या विहिरीचा खटला उभा राहिलाय. साक्ष इथूनच द्यायची, पडद्यावर.

वकीलबाई म्हणाल्या, "दादा, तुम्ही तिला मारलं ते कशाला सांगता? तुम्हीच आत जाल."

साहेबाचाही निरोप आला. "गप ऱ्हा. गावात तुझी माय एकटी हाये."

मायला काल खोलीवर घेऊन आलो.

उद्या साक्ष. आधी माझी काठी सांगणार, तिचे दात सांगणार. मग हुकूम कुणाचा, ते त्याच्या बापाच्या नावासकट. मला बेडी पडायची तर पडू दे. दुसरी त्याच्या हातात पाहिजे.