मामांची पुंगी

पनवेल आणि आसपासच्या मातीत कुणाचं काय काय हरवलंय, हे देवाच्या खालोखाल कुणाला ठाऊक असेल तर ते माझ्या मामेसासऱ्यांना. ही अतिशयोक्ती आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी मामांच्या घरातल्या पलंगाखालचे बिस्किटांचे डबे एकदा उघडून बघावेत. एका डब्यात नुसते खिळे, एकात बाटल्यांची बुचं, एकात बकलं, आणि एक भलामोठा डबा फक्त किल्ल्यांचा. मी एकदा म्हटलं, "मामा, निदान किल्ल्या तरी भंगारात द्या हो." तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातलं माणूसच भंगारात द्यायला निघाले होते. "सूनबाई, यातल्या एकेका किल्लीसाठी कुठेतरी एक कुलूप ताटकळतंय. उद्या मालक आला तर काय सांगू, विकली म्हणून?" मालक आजवर एकही आला नाही. डबा मात्र दर दिवाळीला पुसून पुन्हा आत जातो.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. उभी नोकरी द्रोणागिरीच्या एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून केली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायला काढलं, तर हे म्हणाले, "घड्याळ राहू दे साहेब, आता वेळ बघून मी करू काय? त्यापेक्षा ते कोपऱ्यातलं यंत्र द्या." ते यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर. गोदामात नवीन आले म्हणून हा जुना अडगळीत पडला होता. एक लांब दांडी, खाली कढईवरच्या झाकणाएवढी तबकडी, वर एक डबडं, त्याला एक बटण आणि एक स्पीकर. पडदा नाही, आकडे नाहीत, काही नाही. बटण हळूहळू पिळायचं, की स्पीकरमधून बारीक गुणगुण सुरू होते. तबकडीखाली धातू आला की ती गुणगुण चढत जाते आणि तिची शिट्टी होते. बस. एवढंच त्या यंत्राला येतं. आम्ही सगळे त्याला पुंगी म्हणतो. मामा मात्र ती खांद्याला लावली की गवयासारखे डोळे मिटतात. "लोखंड खोकतं," ते सांगायचे, "पितळ खणखणीत ओरडतं. आणि सोनं? सोनं अगदी बारीक बोलतं. त्याला कान द्यावा लागतो."

अहो, या पुंगीमुळे तर माझं लग्न जमलं! पेणला आमच्या घरी मला बघायला ही मंडळी आली, तेव्हा मामा पुंगीसकट आले. का, तर वाटेत एक मैदान चांगलं दिसलं म्हणून. कांदेपोहे व्हायच्या आतच गडी मागच्या अंगणात. इकडे मी साडी सावरत ट्रे घेऊन उभी आणि तिकडे अंगणातून ही शिट्टी! सगळे उठून पळाले. माझ्याकडे बघायला एकटा मुलगा उरला. मामांनी माडाच्या आळ्यातून काय काढावं? माझ्या आजोबांचा पितळी अडकित्ता! त्या अडकित्त्यावरून आजोबांनी सख्ख्या धाकट्या भावाशी बोलणं टाकलं होतं. "तूच नेलास" म्हणून. मी जन्मायच्या आधीपासून त्या घराच्या दोन चुली होत्या. त्या संध्याकाळी दोघे म्हातारे ओट्यावर शेजारी बसून कातरलेली सुपारी एकमेकांना देत होते, आणि आजोबांनी तिथूनच आत ओरडून सांगितलं, "मुलगी या घरात द्यायची!" मुलाची नोकरी कसली, हे त्यांनी नंतर विचारलं.

तेव्हापासून कुणाचं काही हरवलं की आमच्याकडे निरोप यायचा. लग्नाच्या हॉलमागच्या लॉनवर पडलेलं जोडवं, शेतात गेलेला विळा, शाळेच्या मैदानात पडलेली गाडीची चावी. मामा लेंग्यावर यायचे, कारण पँटच्या बकलामुळे पुंगी बिथरते. आल्या आल्या फर्मान सुटायचं, "बायांनो, बांगड्या काढा! पैंजण काढा! मोबाइल लांब!" आणि मग बाया एकीकडे, दागिने एकीकडे, आणि मध्ये मामा तबकडी फिरवत. वाजलं की खणायचं, हा एकच नियम. खिळा निघाला तरी तितक्याच अगत्याने पुसून खिशात. रिकाम्या दिवशी बसने उरण गाठून मोऱ्याच्या धक्क्याजवळ वाळूत फिरायचे. तिथल्या एका कोळणीने त्यांना एकदा माझ्यादेखत हटकलं, "काय वं काका, तुमी रोज येताव नि खिळंच नेताव. घरान दुकान हाय का खिळ्यांचं?" मामा खूश. मला म्हणाले, "बघ, इथे सुद्धा आपली ओळख झाली."

पण गेली दोन-तीन वर्षं मामा मोऱ्याहून रिकाम्या हाताने यायला लागले. डब्यांत भर पडेना. विचारलं तर म्हणायचे, "लोक आता काही हरवतच नाहीत गं. सगळे त्या मोबाइलमध्ये डोकं घालून. हरवायला आधी माणूस जागचं हलायला हवं." आम्ही हसायचो. माझ्या नवऱ्याने ठरवलं की दोष पुंगीचा आहे, आणि मामांच्या वाढदिवसाला त्याने ऑनलाइन नवाकोरा डिटेक्टर मागवला. काय ते रूप! वजनाला फुलासारखा, रंगीत पडदा, बिनतारी हेडफोन. जमिनीत काय आहे ते आकड्यात दाखवणार, किती खोल ते सांगणार. नवरा उत्साहाने फसफसला होता. "मामा, हे बेस्ट आहे! फॉइल, खिळे, पत्रा, सगळा कचरा ऑटोमॅटिक इग्नोर करतं. फक्त कामाची वस्तू असेल तरच वाजणार!"

मामांनी यंत्र उलटसुलट केलं, हेडफोन नाकासमोर धरून पाहिला आणि परत खोक्यात ठेवला. "म्हणजे न खणताच कचरा ठरवणार? आणि मग मी काय करायचं? घरी बसून पडदा बघायचा? टीव्ही आहे की तेवढ्यासाठी." त्यांच्या घरचा टीव्ही तर आताशा जिन्याखालपर्यंत ऐकू येत असे. तेव्हाच आमच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला.

आणि गेल्या वर्षी गौरी उठल्या आणि नथ हरवली.

नथ साधीसुधी नव्हती. सासूबाईंच्या आईची, म्हणजे मामांच्याही आईची. बारीक सोन्याच्या तारेत ओवलेले मोती आणि मधे एक लाल खडा. दरवर्षी ती आमच्या सुकापूरच्या घरी गौरीच्या नाकात असते. पण पितळी मुखवट्याच्या नाकाचं भोक घासून घासून रुंद झालं होतं, नथ सारखी गळायची. म्हणून सासूबाईंनी त्या खेपेला ती दोऱ्याने गौरीच्या वेणीच्या फुलांना बांधली. तिसऱ्या दिवशी दही-भाताचा नैवेद्य झाला, गौर हलवली, फुलं उतरवली, आणि ती वेणी सगळ्या निर्माल्याबरोबर सोसायटीच्या पंपाच्या खोलीमागच्या खतखड्ड्यात. दोन दिवसांनी दागिने डब्यात ठेवायला घेतले तेव्हा कळलं.

सासूबाई रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बसून राहिल्या. "मीच बांधली आणि मीच विसरले," एवढंच म्हणत. मी कितीदा म्हटलं, "आई, कुणाच्याही हातून होतं हो." तर हळूच म्हणाल्या, "नथ गेली त्याचं नाही गं. हे डोक्याचं सुरू झालं, त्याची भीती वाटते. आज नथ विसरले, उद्या घर विसरेन." मी उठून मामांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाच्या खोलीमागे अख्खी सोसायटी जमली. काय उत्साह म्हणून सांगू! सेक्रेटरी टोपी घालून आलेले, समोरच्या वहिनी खुर्ची घेऊन. खड्ड्यात घराघरांतल्या गणपतीचं निर्माल्य, त्यावर पालापाचोळा, त्यावर माती. सगळं उपसून आम्ही अंगणभर पातळ पसरलं. आधी नवरा नवं यंत्र घेऊन उतरला. पडद्यावर आकडा आला की टाळ्या. एक नाणं निघालं, टाळ्या. कुणाची तरी नैवेद्याची वाटी निघाली, समोरच्या वहिनी खुर्चीवरून उठून किंचाळल्या, "अगं बाई, माझी!" पण नथेचा पत्ता नाही. मामा बाजूला उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "अरे, नथेची तार ती केवढी. तुझ्या यंत्राने तिलाही अगरबत्तीच्या पुड्यातला चंदेरी कागद समजून सोडली असेल." नवऱ्याने वैतागून ते कचरा गाळायचं बटण बंद केलं, तर पडद्यावर आकडे नुसते नाचायला लागले. पसाऱ्यात चकचकीत कागद, टाचण्या, जरीचे धागे, केसांचे आकडे! त्याने हात टेकले. "मामा, तुम्हीच बघा."

मग काय! मामांनी पुंगी खांद्याला लावली, बटण पिळलं, डोळे मिटले. सगळे चिडीचूप. तबकडी फिरायला लागली. पहिल्या फेरीतच पुंगी खोकली, मामा थांबले, खणलं, खिळा. पुन्हा खोकली, पुन्हा थांबले. आणि मग एक बारीक शिट्टी वाजली. मामा पुढे गेले. पुन्हा एक, मामा पुढेच. सेक्रेटरी माझ्या कानात म्हणाले, "बघा, कसलेला माणूस. फालतू आवाज सोडून देतायत." पण मी मामांना ओळखते. वाजलं की खणायचं, हा त्यांचा नियम त्यांनी अडकित्त्यापासून कधी मोडलेला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कान अगदी टवकारलेले, कपाळाला आठ्या, आणि चेहरा गोंधळलेला. शिट्टी वाजत होती आणि मामा ती ऐकायची वाट बघत होते. मोऱ्याला लोक वस्तू हरवत होते, पूर्वी हरवायचे तेवढ्याच. मामांना ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. दोन दिवस खोलीबाहेर न पडलेली बाई, पहिल्या मजल्यावरून सगळं ऐकत होती. त्यांनी हातातल्या पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या आणि सरळ जाऊन मामांचं कोपर धरलं.

"दादा, वाजलं."

"कुठे?"

"आत्ता. मागे घे जरा."

मामा तिच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "कधीपासून वाजतंय गं, बेबी?"

"वाजतंय मघापासून. तू फिरव. मी सांगते."

बेबी म्हणजे माझ्या सत्तरीच्या सासूबाई! मग जी जोडी सुरू झाली तिला तोड नाही. हा फिरवतोय, ती कोपर दाबतेय. दाबलं की थांब, थांबलं की खण. टाचणी. चकचकीत कागद. केसांचा आकडा. पुन्हा टाचणी. एकही आवाज सोडला नाही. ऊन तापलं, सेक्रेटरींची टोपी सावलीला गेली, तरी दोघांचं आपलं चाललंय. आणि कुंपणाच्या बाजूला सासूबाई एकदम थबकल्या. "दादा, हे बारीक आहे. खूप बारीक." मामा मटकन खाली बसले. हातानेच माती बाजूला केली. काळपट झालेला फुलांचा एक लगदा, त्यात दोरा, आणि दोऱ्याला नथ! मोत्यांवर चिखल, पण एकही मोती गळलेला नाही. अहो, काय ओरडलो आम्ही! वॉचमन गेट सोडून पळत आला. नवऱ्याने मामांना उचललंच. सासूबाई एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या.

"मी विसरले म्हणून हरवली, दादा."

"आणि मला ऐकू येत नाही म्हणून सापडत नव्हती," मामा नथ लेंग्याला पुसत म्हणाले. "दोघांत मिळून एक धड माणूस होतंय की अजून, बेबी. काळजी कसली करतेस?"

त्यानंतर मामा कानाच्या डॉक्टरकडे गेले, ऐकायचं मशीन घेतलं, आणि ते खिशात ठेवून फिरतात. नवं यंत्र मात्र आता वापरतात. आवाज नाही तर नाही, आकडा दिसतो. फक्त ते गाळायचं बटण त्यांनी कायमचं बंद करून टाकलंय. त्यामुळे आकडे अखंड नाचतात, मामा अखंड खणतात, आणि खिळ्यांचा डबा पुन्हा भरायला लागलाय. मोऱ्याला जाताना बरोबर सासूबाई असतात. त्या वाळूत छत्री घेऊन बसतात आणि कोळणींशी गप्पा मारतात. नावं अधूनमधून विसरतात, पण आता त्याला घाबरत नाहीत. "दादाला विचारू," म्हणतात.

पुंगी या पावसाळ्यात गेली. सर्द हवेने आत काहीतरी बसलं. दुरुस्तीवाल्याने डबडं उघडून बघितलं आणि म्हणाला, याचे भाग आता कुठे मिळायचे. मामांना हे कुणी सांगितलं नाही. सांगायचं कसं, हेच कुणाला कळेना.

परवा गौरी बसल्या. मुखवट्याचं भोक आम्ही सोनाराकडून नीट करून घेतलंय, नथ नाकात घट्ट बसलीय. मामा आले ते पुंगी खांद्याला लावूनच. सवाष्णी जेवायला बसायच्या होत्या, ताटं मांडून झाली होती. मामांनी बटण पिळलं, डोळे मिटले आणि तबकडी हळूच गौरीच्या चेहऱ्याजवळ नेली. माझे कान चांगले तीक्ष्ण आहेत. एवढीशीही गुणगुण नव्हती. पुंगी मुकाट होती.

"बेबी," मामांनी डोळे न उघडता विचारलं, "वाजतंय?"

सासूबाईंनी त्यांचं कोपर दाबलं.

"वाजतंय, दादा. अगदी बारीक. आईची नथ आहे ना."