शांत डब्या

आमच्या घरात 'शांत' हा शब्द आता कोणी उच्चारत नाही. चुकून कोणाच्या तोंडून निघालाच, तर मी त्याच्याकडे अशी बघते की पुढचं वाक्य तो विसरतो. माझ्या नाकावर राग असतो हे मला मान्य आहे. पण या शब्दावरचा राग फुकटचा नाही, आणि तो कुठून आला हे सांगायचं तर माझ्या नणंदेपासून सुरुवात करावी लागेल.

माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्याच घरात राहणारी नवऱ्याची थोरली बहीण, बावीस वर्षं एका प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी सांभाळतात. त्या शास्त्रज्ञ नाहीत. शास्त्रज्ञ येतात, तीन-चार वर्षं राहतात, पदवी घेऊन जातात. या तिथेच असतात. उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतून काढलेल्या पेशी छोट्या चपट्या डब्यांमध्ये वाढवायच्या, हे त्यांचं काम. म्हणून तिथे सगळे त्यांना डबीताई म्हणतात, आणि घरीही तेच नाव चिकटलं. ज्या ऊबदार कपाटात डब्या असतात त्याला त्या पाळणाघर म्हणतात. आठवड्यातून दोनदा प्रत्येक डबीतलं निम्मं गुलाबी पाणी, म्हणजे पेशींचं खाणं, काढायचं आणि निम्मं ताजं घालायचं. सगळं एकदम बदलायचं नाही. एवढं कोणी चुकलं तर त्या त्याची अशी खरडपट्टी काढतात की तो पुन्हा कपाटाजवळ फिरकत नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा 'पोरांना भरवून येते' म्हणून निघतात.

या पेशींची एक गोष्ट त्या जेवताना नेहमी सांगायच्या. डबीत पेशींना दिसायला काही नसतं, ऐकायला काही नसतं, तरी काही दिवसांनी त्यांच्यात आपोआप वीज खेळायला लागते. आधी एखादी पेशी इथे चमकते, एखादी तिथे, आणि मग सगळ्या मिळून एकदम गलका करतात. डबीच्या तळाला बारीक तारा असतात, त्यांतून तो गलका पडद्यावर रेषांच्या उड्यांसारखा दिसतो. वाढत्या मेंदूत सुरुवातीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेशी जन्माला येतात. ज्यांच्यात ही वीज खेळत राहते, त्यांना जगण्याची खूण मिळते आणि त्या टिकतात. ज्या गप्प राहतात, त्यांतल्या पुष्कळ आपलं आपण आवरून घेतात आणि संपतात.

हे पारखण्यासाठी प्रयोगशाळेचे प्रमुख, मोठे सर, डब्यांच्या दोन रांगा करायला लावायचे. एका रांगेत काही घालायचं नाही. दुसरीत एक औषध घालायचं, जे पेशींमधली वीज बंद पाडतं. डबीताईंनी या रांगांना आपली नावं दिली होती. झाकणांवर त्या काळ्या पेनने लिहायच्या, 'बोलक्या' आणि 'शांत'. बावीस वर्षं त्यांनी हा शब्द लिहिला. आपण म्हातारा माणूस गेला तरी 'शांत झाले' म्हणतो, हे त्यांना कधी खटकलं नाही. मलाही नाही.

मग माझी मुलगी झाली. ठकी.

जन्मल्यानंतर दोन दिवसांनी तिचे कान तपासायचे होते. तपासायचं यंत्र त्या दिवशी बंद होतं. पुढच्या वेळी बघू म्हणाले. पुढच्या वेळी दुसरी बाई होती, तिने कागद चाळला आणि लसीचं तेवढं बघितलं. एक यंत्र बंद होतं आणि कोणीतरी ते 'बंद आहे' एवढंच लिहून मोकळं झालं, हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

ठकी शांत होती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, बाळ असावं तर असं, मिक्सर लावा, दार आपटा, झोपमोड नाही. शेजारीण म्हणाली, तुझ्या मुलीचे थोडे गुण आमच्या नातवाला दे. माझा नवरा तर मित्रांसमोर फुशारक्या मारायचा. चौथ्या महिन्यात माझ्या हातून स्टीलचं झाकण फरशीवर पडलं आणि बराच वेळ भिरभिरत राहिलं. ठकी माझ्याकडे पाठ करून पडली होती. तिने मान वळवली नाही. मी मुद्दाम पुन्हा पाडलं, मग पुन्हा. वरच्या मजल्यावरून माणूस विचारायला आला की काय चाललंय. ठकी आपल्या पायाचा अंगठा बघत होती.

मी सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी कानाडोळा केला. नवरा म्हणाला, पहिलटकरणीला असंच वाटतं. मुलांचे डॉक्टर म्हणाले, काही मुलं स्वभावाने शांत असतात, वर्षाची होऊ द्या, मग बघू. शेवटी मी डबीताईंना विचारलं, कारण या घरात मेंदूबद्दल काही कळणारं माणूस तेवढं एकच. त्या ठकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "तू फार विचार करतेस. शांत बाळ मिळालंय, नशीब समज."

मी गप्प बसले. सगळ्यांवरचा राग मी बोलून दाखवते, पण त्या गप्प बसण्याचा राग कोणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

सातव्या महिन्यात एक दिवस डबीताई घराची किल्ली विसरून गेल्या, ती द्यायला मी प्रयोगशाळेत गेले. ठकी पोटाशी बांधलेली होती. त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि कौतुकाने दोन डब्या आणल्या, आतल्या पेशी मोजून झाल्यावर टाकायच्या होत्या त्या. सूक्ष्मदर्शकाखाली पहिली लावली. बारीक ठिपके आणि ठिपक्याठिपक्यातून निघालेले धागे, इतके दाट की मोकळी जागा सापडेना. मग दुसरी लावली. तिच्यात मध्येमध्ये चार ठिपके उरले होते आणि बाकी नुसता चुरा होता.

मी विचारलं, यांना उपाशी ठेवलं होतं का? डबीताई हसल्या.

"छे गं. खाणं तेवढंच, ऊब तेवढीच. फक्त शांत ठेवलं होतं."

मी झाकणावरचं अक्षर वाचलं. तेच वळणदार अक्षर, जे आमच्या फ्रिजवरच्या सामानाच्या यादीत असतं.

"ताई," मी म्हटलं, "आमची ठकीपण शांत आहे."

त्यांच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ठकीकडे बघितलं. मग भिंतीला लावलेली लोखंडी ट्रॉली धरली आणि दाणकन टेबलाला धडकवली. आतल्या खोलीतून दोघंजण धावत आले. ठकी माझ्या ओढणीचं टोक चोखत होती.

त्या दिवसापासून डबीताईंचा राग मी बघितला आणि मला कळलं की माझा राग म्हणजे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आम्हाला घेऊन कानांच्या विभागात गेल्या. नोंदणीच्या खिडकीतल्या माणसाने साडेतीन महिन्यांनंतरची तारीख दिली. डबीताईंनी त्याला समजावलं की वाढत्या वयात कानाकडून मेंदूकडे काही पोचलंच नाही तर तिथल्या पेशींचं काय होत असेल सांगता येत नाही. डबीतलं औषध लवकर धुऊन काढलं तर बऱ्याच पेशी वाचतात, उशीर केला तर धुऊन उपयोग नसतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रडणारी मुलं आधी घ्यावी लागतात, बाई. तुमचं तर शांत आहे."

डबीताईंनी बावीस वर्षांत पहिल्यांदा सलग रजा टाकली. आम्ही तिघी रोज त्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचो. खिडकीतल्याने आम्हाला हटकलं, मग पहारेकऱ्याला पाठवलं. पहारेकऱ्याला डबीताईंनी काय सांगितलं माहीत नाही, पण तो आम्हाला पाणी आणून द्यायला लागला.

चौथ्या दिवशी कानांच्या डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. या तपासणीला बाळ गाढ झोपलेलं लागतं, आणि आतलं बाळ तासभर झोपत नव्हतं. इथे कोणाचं बाळ झोपलंय का, त्यांनी विचारलं. बाकांवर दहा-बारा मुलं किंचाळत होती, कोणीतरी खुर्च्या ओढत होतं. त्या गोंगाटात ठकी डबीताईंच्या खांद्यावर मस्त घोरत होती. असा तिचा नंबर लागला.

कपाळाला आणि कानांमागे छोट्या तारा चिकटवल्या, कानात नळ्या घातल्या. यंत्र टकटक आवाज सोडत होतं आणि पडद्यावर रेषा उमटत होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं. डबीताईंना कळत होतं. डॉक्टरीणबाई तोंड उघडायच्या आधीच त्यांनी माझा हात घट्ट धरला. मोठ्यात मोठा आवाज सोडला तेव्हा रेषेने एक लहानशी उडी मारली.

दोन्ही कानांना फार कमी ऐकू येतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण अगदीच येत नाही असं नाही. लगेच कानात ऐकण्याची यंत्रं बसवू, आणि तेवढ्याने भागलं नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करू. डबीताईंनी विचारलं की आतल्या पेशी किती गेल्या असतील. त्या बाई सरळ होत्या. म्हणाल्या की जिवंत बाळाच्या आत बघून मोजता येत नाही, आणि उंदराच्या डबीवरून हिशोब मांडू नका. "पण थांबायचं नाही, एवढं नक्की. तुम्ही आधी का नाही आलात?"

डबीताईंनी ठकीला उचलून खांद्यावर घेतलं.

यंत्रं बसली त्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. एकावर एक ताटं ठेवल्याचा खणखणाट झाला आणि ठकीचा चेहरा वेडावाकडा झाला. मग ती अशी रडली की पुन्हा वरचा माणूस खाली आला. सासूबाई धावल्या, अगं घे तिला, शांत कर. डबीताई मध्ये उभ्या राहिल्या. "तिला कोणी शांत करायचं नाही," त्या म्हणाल्या. आईशी त्या आवाजात त्या कधीच बोलल्या नव्हत्या. सासूबाई तिथेच खाली बसल्या आणि त्याही रडायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात नव्या डब्या आल्या. मोठ्या सरांनी झाकणं बघून डबीताईंना विचारलं की दुसऱ्या रांगेवर हे काय लिहिलंय. तिथे 'गप्प केलेल्या' असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या शांत कधीच नव्हत्या, सर. आपण केलं."

हे त्यांनी मला घरी येऊन सांगितलं. ठकी फरशीवर बसून तेच स्टीलचं झाकण आपटत होती, आणि बोलणं ऐकू यावं म्हणून आम्ही दोघी ओरडून बोलत होतो. 

"चौथ्या महिन्यात तू मला विचारलं होतंस," त्या म्हणाल्या. "अजून राग आहे माझ्यावर?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. झाकण घरंगळत त्यांच्या पायाशी आलं होतं. ते उचलून त्यांनी ठकीच्या हातात परत दिलं.