हाना मावशींनी परत केलेले कौतुक

हाना मावशी गेल्याचे मला अड्यारच्या प्रयोगशाळेत असताना इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावरून कळले. सेक्रेटरी साळवी यांनी लिहिले होते : 'आपल्या लाडक्या ज्यू मावशी आज गेल्या. जगाने ज्यांना छळले, त्यांना आपण घरच्यासारखे ठेवले, याचा अभिमान वाटतो.' खाली जोडलेल्या हातांची रांग. दुःखाआधी मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. कारण हेच कौतुक साळवींनी मावशींना भर सभेत ऐकवले होते, आणि मावशींनी ते तिथल्या तिथे परत केले होते.

मावशी बेने इस्रायली, माहेर अलिबागकडचे. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले, त्यांचे पूर्वज. पतीच्या मोटार कारखान्यातल्या नोकरीमुळे त्या चेन्नईला आल्या, शाळेत इतिहास शिकवला आणि पती गेल्यावरही वेलचेरीतल्या आमच्या इमारतीतच राहिल्या. समोरासमोरची दोन घरे त्यांची. एकात त्या स्वतः, दुसरे भाड्याने दिलेले. मी वरच्या मजल्यावर राहते. रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाई आणि वाद घालून परते. युरोपातला ज्यूंचा छळ शिकवताना त्या छावण्यांपासून सुरुवात करत नसत. "छावणी शेवटच्या धड्यात येते गं," त्या म्हणत. "पहिल्या धड्यात घरमालक असतो. फार सभ्य असतो तो. म्हणतो, माझं काही नाही हो, शेजारी काय म्हणतील... तिथल्या भटक्या रोमा लोकांनाही असंच सभ्यपणे नाकारलं. त्यांचं तर कुणी नावही घेत नाही." मी हटकले होते, "मावशी, एका बिंदूवरून आलेख काढता येत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुझा आलेख पुरा होईपर्यंत मी काय करू, स्वेटर विणू? चेन्नईत?"

पुढचा बिंदू आमच्याच फाटकाशी पडला. मावशींनी समोरचे घर नस्रीनला दिले. ती रुग्णालयात परिचारिका, सोबत शाळकरी मुलगी. साळवींनी सामानाचा टेम्पो आत घेण्यास परवानगी नाकारली आणि खालच्या पार्किंगमध्ये सभा बोलावली.

"मावशी, वैयक्तिक काही नाही. इमारतीत बहुतेक शाकाहारी आहेत."

"मी दर शुक्रवारी मासे तळते, साळवी. वास आला की वाटी घेऊन पहिले तुम्हीच येता."

लोक हसले, साळवीही हसले. "तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला आम्ही कधी त्रास दिला का? अहो, जगात ज्यूंना कुठे..."

"नाही दिलात. ते खरंच आहे, आणि माझ्या माणसांनी पिढ्यानपिढ्या त्याचे आभार मानले. पण माझ्याकडे बोट दाखवून तिला दाराबाहेर ठेवणार असाल, तर ते आभार मी परत घेते. मी तुमच्या चांगुलपणाचं उदाहरण नाही."

बेने इस्रायली घरात शुभकार्य असले की एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात : भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, सुका मेवा, फळे. मावशींचा मलिदा इमारतीत दरवर्षी घरोघरी जाई आणि प्रसाद म्हणून खाल्ला जाई. त्या वेळी मात्र सभा उठण्याआधीच त्यांनी परात पार्किंगमध्ये मांडली आणि वाढायचा डाव नस्रीनच्या हाती दिला. ज्याला हवा त्याने तिच्या हातून घ्यायचा. बराच वेळ माणसे खांबांच्या आडोशाने रेंगाळली. पहिल्या पुढे आल्या त्या साळवींच्या आई. मुलाने अडवताच म्हणाल्या, "वर्षातून एकदा मिळतो. तुझ्या नियमापायी सोडू होय?" मग बाकीचे आले. पहारेकऱ्याने द्रोण हातात घेऊनच फाटक उघडले. साळवी लिफ्टपाशी मोबाइल बघत उभे राहिले. त्या दिवशी कुणाचे मन बदलले असा माझा दावा नाही. तसा पुरावा नाही. टेम्पो आत आला, एवढे निश्चित सांगता येते.

शोकसभेत मावशींची तसबीर हॉलमध्ये लावण्याचा ठराव झाला. चहा संपण्याआधी साळवींनी मावशींच्या इस्रायलमधल्या भाच्याला, ज्याच्याकडे आता दोन्ही घरे आली, फोन करून समोरच्या घरासाठी 'आपल्यातले' गिऱ्हाईक सुचवले. तसबीर लावायची आणि भाडेकरू काढायची... एकाच संध्याकाळी. भाच्याने मला विचारले तेव्हा मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, मी येईपर्यंत काही हलवू नका. मावशींच्या घराची किल्ली त्याने माझ्याकडेच राहू दिली. तो येईल तेव्हा काय ठरवेल, मला ठाऊक नाही. नस्रीनलाही नाही. तिने मुलीच्या पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचा विषय काढणे थांबवले आहे.

मावशींच्या खोलीत वेताची एकच खुर्ची आहे. तिचे तोंड टीव्हीकडे नाही, बाल्कनीकडेही नाही. ते बाहेरच्या दाराकडे आहे, आणि ते दार दिवसभर उघडे असे. मला वाटायचे, वाऱ्यासाठी. आता दार तसेच उघडे ठेवून त्या खुर्चीत बसून काम करते तेव्हा दिसते की तिथून थेट नस्रीनच्या दाराची घंटा नजरेत येते. परवा साळवी वर आले आणि त्यांनी घंटेवर बोट ठेवले.

"बोला साळवी," मी म्हणाले, "मीही ऐकते."

त्यांनी बोट काढून घेतले, पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी विचारले आणि खाली गेले. मी दार लावले नाही.